बाहेर बसणाऱ्यांची वाट

आमच्या गावातल्या पुरुषांनी वेळेत पुरं केलेलं एकच सार्वजनिक काम मी आजवर पाहिलं, ते रस्ता बंद करण्याचं. रस्ता करायचा असला की यांना सरकार लागतं. खड्डा बुजवायचा असला की पुढारी लागतो. व्हाळावरची, म्हणजे ओढ्यावरची, मोरी फुटली तर ती पुढची निवडणूक येईपर्यंत फुटकीच राहते, आणि तोवर प्रत्येक जण तिच्यावरून जाताना दुसऱ्याला शिव्या देतो. पण कोरोनाच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात 'मुंबईचा माणूस गावात येता नये' असं कुणीतरी म्हणायचा अवकाश, दुपारच्या जेवणाआधी देवळापाशी रस्त्यावर चिरे रचून झाले, त्यांच्यावर आकेशियाचं एक अख्खं झाड आडवं पडलं, आणि मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सावलीत समितीसुद्धा बसली. लग्नंच होत नव्हती, मग त्या खुर्च्यांना तरी दुसरं कोण मिळणार होतं?

आमचं गाव मालवणहून कुडाळला जाणाऱ्या रस्त्यापासून जरासं आत. भात, काजू, थोडे आंबे, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईत. त्याला चाकरमानी म्हणायचं. नोकरी संपून तो म्हातारा झाला, दात पडले, तरी चाकरमानीच. याच पुरुषांना मी वर्षानुवर्षं फाट्यावर चाकरमान्यांची वाट बघत तिष्ठताना पाहिलंय. गाडी कुडाळ स्टेशनात लागली का, रिक्षा मिळाली का, म्हणून जिवाची नुसती घालमेल. ती घालमेल माणसासाठी किती आणि त्याच्या बॅगेतल्या बाटलीसाठी किती, हे आम्हा बायकांना ठाऊक होतं. चाकरमानी दारात आला की आम्ही त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचो, पायांवर पाणी ओतायचो. तोही मोठा शहाणा. पाय पुसायच्या आधी विचारायचा, "हंय रेंज खंय गावता?" आणि मोबाइल डोक्यावर धरून खळ्यात, म्हणजे अंगणात, फिरायचा, जसा काही पाऊस मोजतोय.

त्या उन्हाळ्यात भाकरीच्या तुकड्याची जागा पंपानं घेतली. आंब्याच्या मोहरावर औषध मारायचा तोच पाठीवरचा पंप. त्यात काहीतरी पांढरं कालवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवर, सायकलवर, एकदा तर नुसत्या चालत आलेल्या बकरीवर मारलं. पंप पाठीला लावून उभे असायचे ते माझे चुलत दीर, म्हणजे समितीचे अध्यक्ष. आमचं घर मूळ एकच, आता मधे भिंत आहे. पलीकडे ते आणि माझी जाऊ, अलीकडे आम्ही दोघं. आमचा मुलगा कोल्हापुरात, घाटाच्या वर. सून आणि नात रोज व्हिडिओवर दिसायच्या आणि विचारायच्या, "आजी, तिकडे कसं आहे?" मी सांगायचे, "तुझे आजोबा सकाळी उठून रस्ता राखायला जातात. रस्ता पळून जाणार नाही याची आता मला खात्री आहे."

आमचे हेसुद्धा समितीत होते ना! अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची यांची. तोंडाला पंचा बांधून बसायचे. 'मुंबईचा कोणीही नको' हा ठराव झाला तेव्हा यांनी मान हलवली. यांची मान तशी कुठल्याही बाजूला हलते, वारा कुठला आहे तेवढंच बघायचं.

दुसऱ्यांना हसून घेतलं, पण मी तरी काय दिवे लावत होते? माझं माहेर देवबागचं, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा वाळूच्या पट्ट्यावर. इथून सकाळचा चहा घेऊन निघालं तर दुसरा चहा तिथे होतो, एवढंच अंतर. पण भावानं घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं द्यायला काढल्या तेव्हापासून मी नाक मुरडून बसले होते. माझ्या आईच्या माजघरात कुणी अर्ध्या चड्डीतला पाहुणा लोळतो, हे मला बघवत नव्हतं. आज गुडघा दुखतो, उद्या काजू वाळवायचे आहेत, परवा मालिकेत काहीतरी व्हायचं आहे, असं करत वर्षभर फिरकले नाही. एसटी रोज रिकामी जायची. आणि ज्या दिवशी एसटी बंद झाली, त्या दिवशी ही बाई पडवीत बसून पदरानं नाक पुसत काय म्हणते? "माजा म्हायार तुटला गो!" ऐकायला कोण, तर गोठ्यातली गाय. तिनं रवंथ थांबवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केला. त्या गाईइतकी अक्कल मला तेव्हा असती तर बरं झालं असतं.

आणि मग भाच्याचा फोन आला. माझ्या थोरल्या नणंदेचा मुलगा, मुंबईत पाणीखात्यात. वन्सं म्हणजे आमच्या यांच्या मोठ्या बहीण, ऐंशीच्या घरातल्या, नवरा जाऊन कैक वर्षं झालेली. आदल्या वर्षी खुबा मोडला होता, आत पट्टी घातलेली. भाचा म्हणाला, इमारत सील केलीय, शेजारच्या बाईंना घेऊन गेले ते गेलेच. मागून वन्संचा आवाज आला, आणि मी फोन कानापासून लांब धरला, कारण तो आवाज अजून मुंबईहून गावापर्यंत फोनाशिवाय पोचेल असा होता.

"शेजारणीक प्लास्टिकात गुंडाळून न्हेली रे! तिच्या झिलाक, पोटच्या पोराक, तोंड बघूक दिला नाय. माका हंय मराचा नाय. माका माज्या बापाशीच्या घराक घेवन चल. मगे मरान नायतर जगान, माजा मी बघतंय."

आमच्या यांनी फोन हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बघूया."

या माणसाचं सगळं आयुष्य या एका शब्दावर निघालं. घराची कौलं गळतात, बघूया. मुलाला शिकायला पाठवायचं, बघूया. लग्नाला मला बघायला आले तेव्हाही म्हणे बापाला हेच सांगितलं होतं. आता सख्खी बहीण मरायला नको म्हणून घरी येते म्हणते, तर बघूया.

आता वन्संबद्दल मला एकदम प्रेमाचं भरतं आलं असं कुणी समजू नये. त्यांची आणि माझी जुनी ओळख आहे, आणि ती मांगरातली आहे. मांगर म्हणजे घरापासून लांब, काजूच्या बागेच्या कडेला गवत ठेवायची खोली. माझं लग्न झालं तेव्हा वन्संच्या यजमानांना मुंबईत खोली मिळाली नव्हती, म्हणून त्या माहेरी राहायच्या, आणि सासूपेक्षा त्यांचाच धाक मोठा. त्या काळी महिन्यातले चार दिवस बाईनं बाहेर बसायचं, आणि आमच्या घरात बाहेर म्हणजे मांगर. कशाला शिवायचं नाही. पाणी वरून ओतणार, भाकरी लांबून टाकणार. ती टाकायला वन्सं यायच्या. फणसाखाली उभ्या राहून नेम धरायच्या. "हयसर येव नको! तुजी सावली लोणच्यार पडात!" लोणचं घरात, मी मांगरात, मधे अख्खं खळं. माझी सावली म्हणजे काय खाडी होती, भरतीला घरात शिरायला?

पण मी! मी विश्वास ठेवायचे. मी सावलीकडे बघत बसायचे. एकदा घरातलं मांजर येऊन माझ्या पायाला अंग घासून गेलं. झालं! आता ते चुलीपाशी जाऊन बसणार, सगळं घर बाटणार, सासऱ्यांचा देव कोपणार, आणि त्याला कारण मी. मी मांजराच्या मागे पळाले, त्याला धरलं, आणि कळशीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतून त्याला शुद्ध केलं. मांजरानं माझा हात कोपरापर्यंत ओरबाडला आणि ओलंचिंब होऊन थेट चुलीतल्या उबदार राखेत जाऊन बसलं. त्या दिवशी मी इतकी रडले की वन्संनी लांबूनच विचारलं, "कोण मेला गो?"

तेव्हाची ती पोर आठवली की मला तिची कीव येत नाही, राग येतो. चार दिवस चूल नाही, दळण नाही, शेणगोठा नाही, नवऱ्याचं तोंड नाही. आयती भाकरी, काजूची सावली, वर गवताची गादी. आणि ही बया काय करायची, तर रडायची आणि परत कामाला जुंपून घ्यायची वाट बघायची. आज भेटली तर एक थोबाडीत देईन आणि सांगेन, झोप मेल्ये. एवढी झोप तुला पुन्हा मिळायची नाही.

तर, वन्सं निघाल्या. भाच्यानं पास काढला, जीप केली. खारेपाटणच्या नाक्यावर पोलिसांनी पास बघितला, कपाळाला ते तापाचं पिस्तूल लावलं, हातावर शिक्का मारला आणि जा म्हणाले. जिल्ह्यानं सोडलं, तालुक्यानं सोडलं, आणि आमच्या आकेशियाच्या झाडानं अडवलं. ऊन डोक्यावर आलेलं. मी घरात नारळ खवत होते. जीपचा हॉर्न वाजला तशी खोबऱ्याच्या हातानंच देवळाकडे गेले.

अध्यक्षांनी आधी जीपवर पंप मारला. पुढून, मागून, चाकांवर. काच वर करायला भाच्याला जेमतेम वेळ मिळाला. फवारा संपल्यावर काच खाली झाली आणि वन्संचं डोकं बाहेर आलं. तोंडाला मास्क, वर चष्मा, चष्म्यावर थेंब.

"कोण रे तो? आंबो समाजलंस काय माका?"

"बाय, गैरसमज करून घेव नको," अध्यक्ष म्हणाले. "ठराव झालो हा."

"कसलो ठराव? मेल्या, तुजो शेंबूड मी पुसलंय. तेवा खंय होतो तुजो ठराव?"

खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. अध्यक्षांना ते लागलं. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले की त्यांचं कार्यालय होतं आणि मालवणी सुटते. ते भाच्याकडे बघून बोलू लागले, "हे पाहा, सदर व्यक्ती बाधित क्षेत्रातून आलेली आहे. नियमाप्रमाणे तिला चौदा दिवस विलगीकरणात ठेवावं लागेल. शाळेत जागा शिल्लक नाही. आपण कुडाळला केंद्रावर जावं."

भाचा बिचारा रात्रभर बसून आलेला. म्हणाला, "मामा, मला आजच परत फिरायचंय, कामावर हजर व्हायचंय. आईला खाली बसता येत नाही. तिथे अनोळखी लोकांत, एकटी, संडासला कोण नेणार तिला? घर समोर आहे. घरात नको तर मागे कुठेतरी ठेवा."

"भावना समजतात. पण एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल."

मी आमच्या यांना शोधलं. हे देवळापाशीच्या फणसाच्या झाडाआड उभे राहून त्याची साल काढत होते. बहीण पंधरा पावलांवर, आणि हा माणूस झाड सोलतो.

"अहो," मी म्हटलं, "तोंड आसा मा?"

"बघूया," साल म्हणाली. म्हणजे हेच, पण झाडाआडून.

वन्सं गप्प झाल्या होत्या. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा गप्प बघत होते. देवळाच्या मागून आमच्या घराची कौलं दिसतात, आणि त्या तिकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, आणि हे त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत, "माका नुसता बघूक तरी देवा रे. मी थंय जन्माक इलंय."

समितीत बसलेल्यांपैकी निम्मे जण त्यांच्या मांडीवर वाढलेले. एकाची मान वर झाली नाही. मला त्या क्षणी त्या सगळ्या पंचा बांधलेल्या तोंडांची इतकी किळस आली की माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. किळसेचा असा उपयोग होतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी आडव्या आकेशियाच्या अलीकडून, चांगल्या मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वन्सं, आमी भायर बसायचो तेवा कपडे धुवूक खंयसून जायचो, ता याद आसा मा तुमका?"

काय सांगू त्या समितीची दशा! एक जण आभाळात बघायला लागला. एकाला खोकला आला, आणि त्या दिवसांत खोकला येणं म्हणजे काय हे विसरून तो खोकलाच. अध्यक्ष पंपाची नळी तपासू लागले. बायकांच्या त्या गोष्टी कानावर आल्या की कान आपोआप बंद करायचे, ही आमच्याकडच्या पुरुषांना आईच्या दुधाबरोबर मिळालेली शिकवण. बंदूक रोखली असती तरी एवढे गांगरले नसते.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. चष्म्यामागचे डोळे बारीक झाले.

"आसा तर," त्या म्हणाल्या. "मोरीकडसून वर."

"तीच ती."

"चल रे बाबू, फिरव गाडी," त्या मुलाला म्हणाल्या. "कुडाळाक जावया. हंय मेल्यांका काळीज नाय."

जीप वळली. अध्यक्षांनी कपाळ पुसलं. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, ती पंपावर बसली.

आता ती वाट सांगते. आमचा मोठा रस्ता देवळासमोरून येतो. बाहेर बसलेल्या बाईनं देवळासमोरून जायचं नाही, म्हणून बायकांची निराळी पायवाट होती: मांगरापासून निघून, काजूंमधून, देवळाच्या मागच्या टेंबाला, म्हणजे टेकाडाला, वळसा घालून खाली व्हाळावर. तिथे आम्ही आमचे कपडे धुवायचो. त्या वाटेवर पुरुष पाय ठेवत नसे. तिच्याबद्दल बोलतही नसे. गावात तिला नाव नव्हतं, कारण नाव ठेवायचं म्हणजे ते घ्यावं लागलं असतं. व्हाळाला ती जिथे लागते, तिथेच मोठ्या रस्त्याची ती फुटकी मोरी आहे, आणि मोरी आहे आकेशियाच्या झाडाच्या पलीकडे. समितीनं गावात येणारा मोठा रस्ता अडवला, पाणंदी अडवल्या, गडग्यांमधली बेडी, म्हणजे दगडी कुंपणांतले सरकवायचे बांबू, काढता येऊ नयेत म्हणून दोरखंडानं बांधली. कुत्रा आत येईल अशी फट ठेवली नाही. पण अर्ध्या गावानं शेकडो वर्षं तुडवलेली एक सरळ वाट कुणाला आठवलीच नाही. राखणार कशी? तिच्यावर माणूस म्हणून कोण चाललंय!

मी घरी जाऊन कोयता घेतला. आताशा कोणी बाहेर बसत नाही, त्यामुळे वाट करवंदीनं भरली होती. तोडत तोडत खाली गेले. जीप मोरीपाशी सावलीत उभी. भाच्यानं आईची पिशवी, औषधं, वॉकर खाली ठेवला. त्याला थांबता येत नव्हतं. पाया पडायला वाकला तर वन्संनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "शिवू नको. जा. फोन कर." मग जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या, आणि ती दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाल्या, "किती काटे ठेवलंस गो वाटेर! सून म्हणान हाडली तुका ती कित्याक?"

वॉकर त्या चढणीवर काय कामाचा? दोन पावलं टाकली आणि त्या थांबल्या. मी पदर तोंडाला नीट बांधला आणि हात पुढे केला.

"येव नको जवळ," त्या म्हणाल्या. "माका झाला आसात तर?"

"झाला आसात तर होवंदे."

"मगे तुका घरात जावक गावाचा नाय. चौदा दिवस."

हे त्यांनी मला भीती घालायला सांगितलं. आणि मी तिथे करवंदीत उभी राहून त्याचा हिशेब लावला. चौदा दिवस चूल नाही. चौदा दिवस यांचा चहा, समितीला ताक, दुपारी भात, संध्याकाळी कुळथाची पिठी, भांडी, काही नाही. गवताची गादी. काजूची सावली. ती रडणारी पोर मला आठवली, ओल्या मांजरामागे धावणारी. मी वन्संच्या कमरेला चांगला घट्ट हात घातला.

"शिवलंय," मी म्हटलं. "आता चला."

मांगरापर्यंत पोचायला दुपार कलली. वन्संनी मधे मधे बसून घेतलं, करवंदं खाल्ली, आणि कुठल्या दगडावर कुणाची पोर कुणाबद्दल काय बोलली होती ते सांगितलं. मांगरात एक जुनी बाज होती, ती वन्संना दिली. मागे पावसाळ्यात मजुरांसाठी बांधलेला कमोडचा संडास होता, तोही झाला त्यांच्या कामाचा. मग मी फणसाखाली येऊन उभी राहिले आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! वन्सं इल्यासत. मी तेंका शिवलंय. आता दोगींका चौदा दिवस भायर. भात चुलीर ऱ्हवलो, करपलो आसात. तोच खावा!"

हे पडवीत आले. तोंडाचा पंचा खाली सरकला होता. भिंतीपलीकडून अध्यक्षही आले. दोघांनी आमच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

"खंयसून इली ही?" अध्यक्ष ओरडले. "वाट बंद आसा!"

"बायकांच्या वाटेन," वन्सं आतून ओरडल्या. "सांगू, कसली वाट ती? सगळी सांगू?"

"नको," अध्यक्ष म्हणाले.

आणि तो विषय तिथेच मिटला. समितीच्या कागदावर ते लिहिणार तरी काय होते! ग्रामपंचायतीच्या ताईंना मात्र मीच फोन करून सांगितलं. त्या रोज लांबून येऊन ताप विचारून जायच्या, आणि जाताना हसायच्या.

ते चौदा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी पडवीतून हाक यायची, "मीठ खंय आसा?" मी मांगरातून ओरडायचे, "जंय काल होता थंय!" मीठ चाळीस वर्षं चुलीशेजारच्या फळीवर आहे, डोळ्यांच्या उंचीवर. पेज यायची ती करपलेली, नाहीतर तिच्यात तांदूळ पोहताना दिसायचे. भाकऱ्यांचे नकाशे यायचे. हे ताटं घेऊन फणसापर्यंत यायचे, खाली ठेवायचे आणि पळायचे. वन्सं बाजेवरून बघायच्या.

"मी तुका असाच टाकायचंय?"

"ह्याच्यापेक्षा लांबसून."

"तुजा रडना आयकून माका हसाक येयचा," त्या म्हणाल्या, आणि करपलेली भाकरी मोडून मला अर्धी दिली. "मुळूमुळू रडायचंस. मी म्हणायचंय, ह्या चेडवाक झोपाक काय झाला?"

"तुमी झोपायचास?"

"तर काय! माजे दिवस कधी चार नसत. सात सांगायचंय."

एवढी वर्षं मी या बाईला कडक समजत होते. कडक कसली, पक्की कामचुकार! आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी जाऊ गडग्यापलीकडे येऊन उभी राहिली, चेहरा घामानं आणि चुलीच्या धुरानं लाल, कारण अध्यक्षांची अख्खी समिती तिच्याकडे चहाला. म्हणाली, "गो, माकाय शिवा गो कोणतरी!" वन्संना हसता हसता ठसका लागला, आणि पडवीतले पुरुष खोकला ऐकून घरात पळाले, दार लावून घेतलं.

ताप कुणालाच आला नाही. मुदत संपली त्या सकाळी हे स्वतः फणसाच्या अलीकडे आले. हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. भाकरी आता गोल यायला लागली होती. वन्सं माझ्या आधारानं खळं ओलांडून पायरीपाशी आल्या. यांनी त्यांच्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी ओतलं, आणि म्हणाले, "बाय, चुकलंय."

"बघूया," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी उंबऱ्यावर हात टेकला, आत गेल्या, देवापाशी क्षणभर थांबल्या, मग ज्या खोलीत जन्मल्या तिथे जाऊन भिंतीला तळवा लावून उभ्या राहिल्या. मी मागेच थांबले. मग त्या सैपाकघरात गेल्या, आणि तिथून जी आरोळी आली ती मुंबईत ऐकू गेली असेल. "काय केलास ह्या चुलीचा, मेल्यानू!" त्यानंतर त्या मुंबईला गेल्याच नाहीत. भाचाच येतो त्यांना भेटायला.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पुन्हा बंदी, पुन्हा देवळापाशी अडसर. या वेळी खुर्चीत नवी तरुण मंडळी, आणि ती जुन्या अध्यक्षांनी केलेले नियम अक्षर न् अक्षर पाळणारी. कुडाळला जाऊन आलेल्यानं परवानगी नसली तर आत यायचं नाही. एक दिवस दुपारी आम्ही दोघी मांगरासमोर कोकमाची सोलं वाळत घालत होतो. मांगर आता आमचाच झाला आहे, दुपार झाली की तिथे जाऊन पडतो. करवंदीत खसखस झाली. गाय असेल म्हणून मी दगड उचलला. पानं बाजूला झाली आणि आतून जुने अध्यक्ष बाहेर आले. कुडाळला मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नात चोरून जेवून परत येत होते. सदरा काट्यांनी फाटलेला, हातात लाडवांचा पुडा, पायांत व्हाळाचा चिखल.

आम्हाला बघून तिथेच उभे.

"बाय," हळूच म्हणाले, "बोलू नको कोणाक."

वन्संनी हातातलं सोल खाली ठेवलं. चष्मा सारखा केला.

"थंयच ऱ्हव," त्या म्हणाल्या. "कितवो दिवस रे तुजो?"

अध्यक्षांचं तोंड सोलांसारखं झालं. मी पदर तोंडात कोंबला.

"कोणाक शिवू नको. देवळासमोरसून जाव नको. मांगरात बस," वन्सं म्हणाल्या, आणि खुब्यावर हात ठेवून सावकाश उठल्या, घरात गेल्या, आणि परत येऊन फणसाखाली उभ्या राहिल्या. एक डोळा मिटला. त्यांचा नेम अजून चांगला आहे. भाकरी बरोबर अध्यक्षांच्या पायांशी पडली.